बुधवारी कोण कुठं उतरलं

उन्हाळ कांद्याच्या गाड्या चाकणच्या बाजाराकडे वळायला लागल्या की माझी स्कूटर आपोआप हळू होते. गोण्यांतून गळलेली सालं रस्त्यावर गुलाबी-तांबूस कागदासारखी उडत असतात, एखादं साल हेल्मेटच्या काचेला येऊन चिकटतं. कांद्याचा वास, डिझेलचा वास, आणि कंपन्यांच्या शेडमधून येणारा तापलेल्या तेलाचा वास, तिन्ही एकमेकांत मिसळतात. मी मोशीला राहते आणि तळेगावला कामाला जाते. निगडीवरून जाणारा रस्ता जास्त सरळ आहे. नवरा दर वर्षी म्हणतो, "त्या चाकणच्या ट्रॅफिकमध्ये कशाला मरायला जातेस?" एप्रिल-मे हे दोन महिने मी त्याचं ऐकत नाही. एरवी ऐकते. या दोन महिन्यांत मला चाकणवरूनच जायचं असतं.

काही वर्षांपूर्वीचा असाच एक उन्हाळा मी या रस्त्यावर, कामगारांच्या बसमध्ये बसून काढला. माझ्या आयुष्यात मी एकदाच ठामपणे "नाही" म्हटलं आणि ते शेवटपर्यंत टिकवलं, तो हा उन्हाळा. त्याआधी मी हो म्हणणारी बाई होते. शाळेत, सासरी, ऑफिसात. अश्विनी म्हणजे कामाला वाघ आणि तोंडाला कुलूप, असं जयंत सर कौतुकाने म्हणायचे आणि मला ते कौतुकच वाटायचं.

जयंत सर आमचे मालक. भोसरीत एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस होतं. खाली दिवसभर प्रेस चालायची, त्या धडधडीने आमच्या चहात वर्तुळं उठायची. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत जे लोक करतात तेच आम्ही तिथे करत होतो, फक्त लिफ्ट नव्हती. सरांनी एका खोलीपासून ही कंपनी उभी केली होती. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम आधीच सांगते, कारण पुढे त्यांचा राग यावा असं काही घडणार आहे.

चाकणमधल्या एका कारखान्याने आम्हाला काम दिलं होतं: बायकांच्या बससाठी ॲप. त्या कारखान्यात असेंब्लीच्या लाइनवर बहुतेक कंत्राटी बायका. कुणी खेडच्या गावांतून, कुणी म्हाळुंग्याकडून, कुणी मराठवाड्यातून येऊन चाकणला खोली घेऊन राहिलेल्या. शिफ्ट सुटल्यावर बाई घरी सुखरूप पोचली की नाही हे कळावं, म्हणून ती बसमध्ये चढताना आणि उतरताना कार्ड टेकवणार, आणि पुढची बस किती वेळात येईल ते तिच्या फोनवर दिसणार. ऐकायला सोपं. पण हे सगळं एका ठिकाणी राहत नाही. बसमधलं यंत्र एक, बाईच्या हातातला फोन दुसरा, आणि लांब कुठेतरी माहिती साठवणारे सर्व्हर. या सगळ्यांना इंटरनेटच्या तारेने बांधायचं, आणि आंबेठाणच्या चढावर रेंज गेली तर बसमधल्या यंत्राने नोंदी स्वतःजवळ धरून ठेवायच्या आणि रेंज आली की पुढे पाठवायच्या.

असं ॲप थरांनी बांधतात. वरचा थर म्हणजे बोटाखालचा पडदा, तो सगळ्यांना दिसतो. सगळ्यात खाली साठा, तिथे नावं, नोंदी, वेळा पडून असतात. आणि मध्ये जो थर असतो तो कुणालाच दिसत नाही. पडद्यावरून आलेला प्रत्येक प्रश्न आधी त्याच्याकडे येतो. हा प्रश्न कोण विचारतंय, त्याला हे उत्तर द्यायचं का, किती द्यायचं, हे तो ठरवतो. तो मधला थर माझा होता. खालचा साठा इम्रानचा. इम्रान शेख पिंपरीचा, वडिलांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान, नुकतंच लग्न झालेलं. कमी बोलायचा, पण बोलायचा ते पुसता यायचं नाही.

ॲप चालतंय का हे बघायला मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बायकांच्या बसमध्ये बसू लागले. दुपारी पहिली शिफ्ट सुटायची. बसचे पत्रे इतके तापलेले असायचे की खिडकीला दंड लागला तर चटका बसायचा. आत घाम, ग्रीस आणि मोगरा. दिवसभर लोखंडाशी झटून आलेल्या बायका बसमध्ये चढल्या की आधी पिशवीतून गजरा काढून माळायच्या. मला त्याचं फार नवल वाटे. घरी जाऊन पुन्हा चूल, पुन्हा पाणी, तरी मधल्या अर्ध्या तासासाठी गजरा. नंतर कळलं, तो अर्धा तासच फक्त त्यांचा होता.

कविता तिथेच भेटली. खेड तालुक्यातल्या जुन्या घरातली, कमरेवर हात ठेवून बोलणारी. कार्ड टेकवायला पहिल्यांदा नकार दिला तो तिनेच.

"म्याडम, आधी एक सांगा. आमी कुटं उतरलो, ह्ये कुनाकुनाला दिसनार?"

"कोणालाच नाही," मी म्हटलं. "बस वेळेवर पोचली नाही, कुणी घरी गेलं नाही, तरच बघायचं."

"आन् सायबाला?"

"साहेबांनाही नाही."

"शबूद द्या."

मी हसले. ती हसली नाही. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "दिला." मग तिने कार्ड टेकवलं. यंत्र टुंग वाजलं आणि तिच्यामागून सगळ्यांनी टेकवलं.

त्या दिवशी ऑफिसात परतल्यावर मी आणि इम्रानने आधीची आखणी मोडली. नावं एका साठ्यात ठेवली, थांबे दुसऱ्यात. दोन्ही जोडायचा रस्ता एकच, मधल्या थरातून, तोही आणीबाणीचं बटण दाबल्यावर. बटण कोणी दाबलं त्याची नोंद होणार. आणि ज्या बाईचं नाव उघडलं, तिच्या फोनवर लगेच संदेश जाणार की अमुक व्यक्तीने तुमची माहिती पाहिली. शिवाय दर गुरुवारी, म्हणजे आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी असते आणि बसेस उभ्या असतात तेव्हा, मागच्या, म्हणजे रविवारी संपलेल्या आठवड्याच्या नोंदी आपोआप पुसल्या जाणार. हे सगळं आम्ही करारात लिहिलं. कारखान्यातल्या महिला समितीच्या अध्यक्षबाईंनी सही केली, व्यवस्थापनानेही केली. त्या वेळी कुणी नीट वाचलं होतं असं वाटत नाही. सुरक्षेचं काहीतरी आहे म्हणून सगळे खूश होते.

मे लागला आणि ऊन वेड्यासारखं वाढलं. शेडवर पत्रा, खाली भट्टीसारखी जमीन. लाइनवर दोन बायकांना भोवळ आली. पंखे मागितले तर "बघू" म्हणाले. पाण्याचा कूलर बिघडलेला, तो "उद्या" दुरुस्त होणार होता. हे "उद्या" बरेच दिवस चाललं. बसमध्ये गजरे माळणं थांबलं. बायका एकमेकींच्या कानाशी बोलू लागल्या. आणि एका बुधवारी, दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून, बऱ्याच जणी आपापल्या थांब्यावर न उतरता म्हाळुंग्याला उतरल्या आणि देवळाच्या सभामंडपात बसल्या. काय करायचं ते ठरवायला. मला हे ठाऊक नव्हतं. मला ते शनिवारी कळलं, आणि ते बायकांकडून नाही.

कारखान्याचे एचआर प्रमुख सबनीस यांचा फोन आला. अतिशय गोड आवाज. "अश्विनी मॅडम, एक छोटासा रिपोर्ट हवा होता. बुधवारी दुपारच्या बसमधून कोण कुठं उतरलं, एवढंच. नावांसकट."

"कशासाठी सर?"

"अहो, सुरक्षेसाठीच. म्हाळुंग्याच्या देवळात बऱ्याच जणी जमल्या होत्या म्हणे."

मी फोन ठेवला आणि खालच्या प्रेसची धडधड ऐकत बसले. रिपोर्ट लिहायला मला एक दुपार पुरली असती. हेच भीतीदायक होतं. मी जे बांधलं होतं ते उघडणं इतरांना जड गेलं असतं, मला नाही. दार मी बसवलं होतं, त्यामुळे ते कुठून उचकटायचं हे मलाच सगळ्यात चांगलं माहीत होतं.

जयंत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनाही फोन गेला होता.

"अश्विनी, हे बघ. बस त्यांची, कामगार त्यांचे, सॉफ्टवेअर त्यांनी घेतलंय. मग माहितीही त्यांचीच ना?"

"बायका कुठं उतरतात ते त्यांचं कसं, सर?"

"मला तत्त्वज्ञान नको. पुढच्या टप्प्याचं सगळं काम त्यांच्याकडून येणार आहे. वर्षभराचं काम आहे."

"सर, त्या नावांचं काय होणार ते तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "मला काही माहीत नाही. आणि तुलाही माहीत नसावं."

मी म्हटलं, "मी तो रिपोर्ट लिहिणार नाही."

माझा आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं. सर माझ्याकडे असे बघत राहिले जसं भिंतीवरचं घड्याळ एकदम बोलायला लागलंय. मग म्हणाले, "सोमवारी चाकणला मीटिंग आहे. हे त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत असेल तर चल."

हिंमत होती का? रविवारभर मी कुरडया वाळत घालत होते. गच्चीवर पाय भाजत होते. खरं सांगते, मी दहादा ठरवलं की रिपोर्ट देऊन टाकावा. आपण कोण मोठे लागून गेलो. मी दिला नाही तर दुसरं कोणी देईल. सगळं जग याच एका वाक्यावर चालतं. मग वाटलं, देऊ दे दुसऱ्या कुणाला. त्यांना तो माणूस शोधू दे, कामाला बसवू दे, त्याला माझी आखणी वाचत बसू दे. वाईट काम सोपं होणार नाही एवढं तर माझ्या हातात आहे. कुरडयांची शेवटची रांग घालून होईपर्यंत माझं ठरलं होतं.

सोमवारी सबनीसांच्या गारेगार खोलीत आम्ही बसलो. एसी इतका की माझ्या दंडावर काटा आला. काचेपलीकडे शेड दिसत होती. तिथे एक बाई ओढणीने वारा घेत होती.

"मॅडम, अडचण काय आहे?" सबनीसांनी विचारलं. "तांत्रिक आहे का?"

तांत्रिक आहे म्हटलं असतं तर सुटले असते. जयंत सर माझ्याकडे आशेने बघत होते, हो म्हण, तांत्रिक आहे म्हण, महिनाभर लागेल म्हण.

"तांत्रिक काही नाही," मी म्हटलं. "करता येतं. मी करणार नाही."

"तुम्ही सॉफ्टवेअरवाले. सांगितलं तेवढं बांधायचं."

"गवंडी पण न्हाणीची खिडकी रस्त्याकडे काढत नाही सर, मालकाने सांगितली तरी."

सबनीसांचा गोडवा गेला. "बरं. मग ते आणीबाणीचं बटण आहे ना? ते मी दाबतो."

"दाबा. पण ज्या बाईचं नाव उघडाल तिच्या फोनवर तुमच्या नावानिशी संदेश जाईल. बसमधल्या सगळ्यांची उघडलीत तर सगळ्यांच्या."

"तो संदेश बंद करा."

"आधी लेखी द्या."

"काय?"

"संदेश बंद करा, आणि गुरुवारची साफसफाई थांबवा, असं लेखी द्या. करारात आहे की बदल करायचा तर महिला समितीच्या अध्यक्षबाईंची सही लागते. तेवढी सही आणा. मग तुम्हाला जो माणूस हवा त्याच्याकडून करून घ्या, मी पासवर्ड लपवणार नाही."

"मी तोंडी सांगतोय ते पुरेसं नाही?"

"नाही."

अध्यक्षबाई दोनच खोल्या सोडून बसत होत्या. त्यांना बोलवायला एक हाक पुरली असती. सबनीस उठले नाहीत. तोंडी सांगायला त्यांना काही वाटत नव्हतं, कागदावर मात्र नको होतं. ज्या गोष्टीखाली सही करायची लाज वाटते ती आमच्याकडून करून घ्यायची होती, एवढाच सगळा मामला.

परतताना चाकण चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा जयंत सर इतकंच म्हणाले, "माझं नुकसान केलंस." मी म्हटलं, "हो." सॉरी म्हणायची सवय ओठांपर्यंत आली होती. मी ती गिळली.

ऑफिसात पोचल्यावर त्यांनी इम्रानला बोलावलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. साठा त्याच्या हातात होता. गुरुवारची साफसफाई एक आठवडा लांबली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं सर समजावत होते. अश्विनीच्या नादाला लागू नकोस, तुझं नुकतंच लग्न झालंय.

इम्रान म्हणाला, "सर, ताईच्या नादानं नाही. आमच्या गल्लीत कुठली पोरगी कुठून आली, कुठं गेली, याच्यावर नजर ठेवणारे लई लोक आहेत. त्याच्यापायी माझ्या बहिणीनं कॉलेज सोडलं. मी ते काम पगार घेऊन करणार नाही."

बाहेर आल्यावर तो जागेवर बसला आणि डबा उघडला. मला विचारलं, "ताई, लोणचं?" आम्ही दोघांनी जेवण केलं. इतकं चविष्ट जेवण मी त्या ऑफिसात कधी केलं नव्हतं.

गुरुवार उजाडला. मी घरीच होते. दुपारी आमरसाचं जेवण, पंखा फुल, नवरा पेंगतोय. मी फोनवर नजर ठेवून होते. कुणी काही लेखी पाठवलं नाही. जेवणं झाल्यावर सर्व्हरवरून नेहमीचा कोरडा संदेश आला: मागील आठवड्याच्या नोंदी काढल्या. कुणी कुठलं बटण दाबलं नाही. चाकणच्या रस्त्यावर बसेस उन्हात उभ्या होत्या आणि तो बुधवार जगातून गेला. कोण म्हाळुंग्याला उतरलं, कोण आपल्या थांब्यावर, आता हे सांगायला फक्त त्या बायकाच उरल्या. मी आमरसाची वाटी पुन्हा भरून घेतली.

पुढचं सांगायला हवं. पंखे आले, पण आमच्यामुळे नाही. त्या बायका एका सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या मिळून गेटवर उभ्या राहिल्या आणि पंखे लागेपर्यंत आत जाणार नाही म्हणाल्या. ते श्रेय त्यांचं. आम्ही फक्त त्यांच्यातल्या एकेकीला आधी वेचून काढू दिलं नाही. कारखान्याने पुढचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. मला कुणी काढलं नाही, बाजूला बसवलं. बिलांच्या छपाईतल्या चुका शोधायला दिल्या. जो मधला थर मी बांधला होता त्याच्या बैठकीला मला बोलवेनासे झाले. पावसाळा सरताना मी राजीनामा दिला. मुलाखतीत विचारायचे, आधीची नोकरी का सोडली? मी खरं सांगायचे. दोन ठिकाणी त्यानंतर चहासुद्धा आला नाही. तिसऱ्या ठिकाणी, तळेगावच्या औषधांच्या गोदामवाल्यांनी घेतलं. इम्रान माझ्यानंतर वर्षभराने तिथेच आला.

तेव्हापासून मला एक गोष्ट कळली आहे, आणि ती मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला सांगते. सगळे पडदा रंगवायला धावतात, कारण तो दाखवता येतो. पण आपण कसले आहोत ते मधल्या थरात लिहिलेलं असतं. तिथे एकदा "हो" लिहून ठेवलं की ते तुम्ही झोपल्यावर, नोकरी सोडल्यावर, मेल्यावरही होच म्हणत राहतं. म्हणून जिथे "नाही" लिहायचं तिथे जागेपणी, हात न कापू देता लिहावं. आणि हात कापलाच तर कापत्या हाताने लिहावं.

परवा चाकण चौकाच्या अलीकडे रसवंतीवर थांबले होते. चरकाचे घुंगरू वाजत होते. मागून कुणीतरी पाठीत धपका घातला.

"म्याडम! वळकलं का न्हाई?"

कविता. थोडी जाड झालेली, केसांत मोगरा. तिला त्या रिपोर्टचं काहीच माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. तिने मला आधी शिव्याच घातल्या. "तुमचं ॲप लई खोटारडं व्हतं. बस पाच मिन्टात म्हनायचं, आन् यायची अर्ध्या तासानं."

"आता बरं आहे का?"

"आता नवीन आलंय दुसऱ्या कंपनीचं. कार्ड बंद. चढताना म्होरं कॅमेरा लावलाय, त्यात तोंड दावायचं. उतरताना पुन्यांदा तोंड दावायचं. समदं सायबाला दिसतं म्हनं, हापिसात बसून."

म्हणजे झालंच ते. दुसऱ्या कुणीतरी दिलंच. "मग?" मी विचारलं. "तुम्ही काय करता?"

कविताने ग्लास खाली ठेवला. "आमी? आमी न्हाई तोंड दावत. आमी समद्या जनी आंगठा ठिवतो कॅमेऱ्यावर."

"सगळ्या?"

"समद्या. महिना झाला. सायब आले हुते शेडमदी, म्हनले ह्ये काय, नुस्तं आंगठंच दिसत्यात. म्या म्हनलं, मंग वळका आंगठ्यावरनं!"

ती इतक्या जोराने हसली की रसवाल्याने चरक थांबवून बघितलं. मीही हसले. तेवढ्यात दुसऱ्या शिफ्टची बस आली, दारात बायकांची रांग लागली. कविता पळतच गेली. पायरीवर चढली, दंडाने घाम पुसला, आणि त्या लुकलुकणाऱ्या काचेच्या डोळ्यावर अंगठा दाबून आत गेली. तिच्यामागची बाईही तशीच. तिच्यामागचीही.